कोब्याला चिकटलेली भिंत

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, हे घरचे, दारचे आणि माझ्या ऑफिसात टिकलेले लोक एकमुखाने सांगतील. टिकलेले फार नाहीत. ही हकिगत त्या रागाची आहे, पण तिच्यात एक वीस टनांची भिंतही आहे, तेव्हा आधी भिंतीचं सांगते.

रत्नागिरीत दोन पिढ्या किराणा विकणाऱ्या एका घराला शहराबाहेर, सड्यावरच्या उघड्या कातळावर, मोठं दुकान काढायचं होतं. मोठं म्हणजे गिऱ्हाइकाने ट्रॉली ढकलत फिरायचं, तांदळापासून टीव्हीपर्यंत सगळं एका छपराखाली. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. मालक माझ्या ऑफिसात आले आणि खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी तीन अटी घातल्या. मध्ये खांब नकोत, भिंतींना पत्रा नको आणि गणपतीच्या आधी उद्घाटन झालं पाहिजे. तिसऱ्या अटीवर मी हसले. ते हसले नाहीत.

पत्रा नको हे त्यांचं बरोबरच होतं. मिरकरवाड्याच्या बंदरातल्या शेडचे पत्रे खाऱ्या हवेने कसे चाळणी होतात ते मी लहानपणापासून बघते आहे. चिऱ्याची भिंत म्हणावी, तर आठ मीटर उंच न्यायला आत बीम-कॉलमचा सांगाडा उभा करावा लागतो आणि त्यात एक अख्खा पावसाळा जातो. कारखान्यात ओतलेल्या तयार भिंती आणाव्यात, तर घाटातल्या वळणांवर तो ट्रेलर वळणार कसा? म्हणून मी टिल्ट-अप सुचवलं. पुस्तकात वाचलं होतं, पुण्याजवळ एका गोदामाचं काम दोन दिवस उभं राहून पाहिलं होतं, आणि माझ्या हिशेबावर माझा विश्वास होता. स्वतः एकही केलेलं नव्हतं. मालकांना हे मी सांगितलं, पण जरा भरभर सांगितलं.

पद्धत समजायला सोपी आहे. आधी दुकानाचा कोबा, म्हणजे काँक्रीटची जमीन, करायचा, सपाट आणि गुळगुळीत. मग त्याच कोब्यावर चारी बाजूंनी फळ्या लावायच्या, आत सळया बांधायच्या, उचलायचे हुक ठेवायचे आणि भिंत आडवी ओतायची. फणसाची साटं, म्हणजे फणसपोळी, ताटात ओततात तशी. काँक्रीट पक्कं झालं की क्रेनने एक कड उचलायची, भिंत उभी करायची, पायावर बसवायची आणि आतून लोखंडी टेकू द्यायचे. अशा बावीस भिंती उभ्या केल्या, वर छप्पर टाकलं की झालं दुकान. बाहेरून घमेलं घेऊन वर चढणं नाही, परांची नाही. सगळं काम जमिनीवर.

एकच गोष्ट सांभाळायची. ओतलेली भिंत खालच्या कोब्याला चिकटता कामा नये. त्यासाठी कोब्यावर एक पांढरं, दुधासारखं औषध फवारतात. ते वाळलं की मेणासारखा पातळ थर बसतो आणि वरचं काँक्रीट खालच्याला धरत नाही. त्या थरावर पाय द्यायचा नाही, पाणी मारायचं नाही, झाडू फिरवायचा नाही. सगळं काम त्या कागदाहून पातळ थरावर उभं असतं.

आता मिस्त्री. वय साठीच्या आसपास, बारीक अंगाचा, डोक्याला कायम पंचा. शहरापासून तासाभराच्या अंतरावरच्या एका वाडीतला. आयुष्यभर चिऱ्याची घरं आणि स्लॅब केलेले. मी बारा वर्षं त्याच्याकडून कामं करून घेत होते. त्याने ओतलेला स्लॅब गळल्याचं मला आठवत नाही. मला तो ‘बाय’ म्हणायचा, अजूनही मी कॉलेजातून नुकती बाहेर पडल्यासारखं. या कामावर मीच त्याला आणला होता. मालकांनी पुण्याहून एक प्रोजेक्ट मॅनेजर आणला होता, त्याला बाहेरची टोळी हवी होती. मी म्हटलं, माझा मिस्त्री नसेल तर मीही नाही. अशी वाक्यं मला पटकन सुचतात.

पहिल्या भिंतीच्या दिवशी औषधाचा पिंप उघडला. मिस्त्रीने बोट बुडवून वास घेतला.

“बाय, हा दूध कशाला मारायचा?”

त्या सकाळी सळया दोन तास उशिरा आल्या होत्या आणि मॅनेजर फोनवर माझं डोकं खात होता. मी म्हटलं, “मिस्त्री, सांगितलंय तेवढं करा. शाळा घ्यायला वेळ नाहीये मला.”

दोन-तीन गडी हसले. मिस्त्रीने बोट पंच्याला पुसलं आणि पंप उचलला. पुन्हा त्याने काही विचारलं नाही. मलाही ते बरंच वाटलं, कारण काम जोरात चाललं. मी ‘पाय देऊ नका, पाणी मारू नका’ हे दहा वेळा ओरडून सांगितलं, आणि दहा भिंतींना स्वतः कोब्याच्या कडेला छत्री घेऊन उभी राहिले. दहाही नीट ओतल्या गेल्या.

अकराव्या भिंतीच्या दिवशी मी लोट्याला गेले. आम्ही भाड्याने घेणार होतो ती क्रेन तिथल्या एका कारखान्यात कामाला होती, ती डोळ्यांनी बघून घ्यायची होती. संध्याकाळी परत आले तेव्हा अकरावी ओतून झाली होती. कडा सरळ, पाठ गुळगुळीत, वर ओलं गोणपाट. मिस्त्रीला म्हटलं, झकास. तो नुसता मान हलवून हात धुवायला गेला.

त्यानंतर उरलेल्या अकरा पुन्हा माझ्यासमोर ओतल्या आणि मार्चच्या मध्याला क्रेन आली. तिच्यावरचा ऑपरेटर इथल्याच खाडीकाठच्या गावातला, पंधरा वर्षं आखातात क्रेन चालवून परतलेला. हे असलं काम त्याने तिकडे ढिगाने केलं होतं. खरं तर साइटवर हे काम खरोखर येणारा तो एकटाच होता, पण तसं त्याने एकदाही दाखवलं नाही. आल्या आल्या त्याने सगळ्या भिंतींभोवती एक चक्कर मारली, सगळ्यांना दोरीच्या बाहेर काढलं आणि मला म्हणाला, “मॅडम, एक बोलतो. गाडी नाय म्हणाली तर मी पण नाय म्हणणार. मग कोणी मला घाई करायची नाय.”

पहिली भिंत उठवायला घेतली. कड सुटताना चर्र असा आवाज झाला, खालून हवा शिरली आणि इतका वेळ जमिनीवर पडलेली ती चीज हळूहळू भिंत झाली. उभी राहिली, टेकू लागले, साखळ्या सुटल्या. मालकांनी नारळ फोडला. मिस्त्री दोरीच्या बाहेर तोंडावर पंचा धरून उभा होता. जवळ गेले तर डोळ्यांत पाणी. “आडवा घातलेला उभा ऱ्हायला,” एवढंच म्हणाला. तीन दिवसांत दहा भिंती उभ्या राहिल्या आणि मी मालकांच्या चिपळूणच्या पुढच्या दुकानाचं स्वप्न बघायला लागले.

चौथ्या दिवशी सकाळी अकरावी. साखळ्या ताणल्या गेल्या. क्रेनमधला काटा वीस टनांवर गेला, बावीसवर गेला. चर्र आवाज आला नाही. चोवीस. भिंतीची कड केसभरही हलली नाही, उलट क्रेनचे पाय जमिनीत दबल्यासारखे मला वाटले. सव्वीसला ऑपरेटरने दांडा सोडला आणि साखळ्या सैल केल्या. मॅनेजर ओरडला, “अरे थोडं अजून!” ऑपरेटर खाली उतरला आणि शांतपणे म्हणाला, “हुक उपटून आला तर साखळी तुमच्या डोक्यात येईल, साहेब. ही खाली धरलीये.”

कडेने पाचरी मारून पाहिल्या, पहारी घालून पाहिल्या. काही नाही. मग मी पालथी पडून भिंतीच्या आणि कोब्याच्या सांध्यावर टॉर्च मारला. दहा भिंतींच्या सांध्यात मेणाची बारीक पांढरी रेघ होती. इथे रेघ नव्हती. राखाडी सिमेंट, सलग, वरपासून खालपर्यंत एकजीव.

मॅनेजरने सगळ्या टोळीला गोळा केलं. “ह्या पॅनेलवर कोण होतं?”

मिस्त्री पुढे आला. “मी धुतला. वर शिमिटाचा पाणी पन मीच मारला. पोरांचा काय नाय.”

झालं होतं असं. त्या दिवशी वारा सुटला आणि जवळच्या चिरेखाणीची लाल धूळ कोब्यावर येऊन बसली. मिस्त्रीने असली घाण काँक्रीटखाली कधी जाऊ दिलेली नाही. जुन्या काँक्रीटवर नवं ओतायचं तर ते घासून धुवायचं, आणि ओतायच्या आधी सिमेंटचं पातळ पाणी फिरवायचं, म्हणजे नवं जुन्याला घट्ट धरतं. कोकणातला कुठलाही चांगला मिस्त्री हेच करतो, आणि जो करत नाही त्याचा स्लॅब पहिल्या पावसात सांध्यातून गळतो. मी पाणी मारू नका म्हटलं होतं. त्याला वाटलं, ते मी औषध ओलं असेपर्यंतच म्हणते आहे. औषध तर वाळलं होतं. आणि त्याने घासून ते काढलं, मनापासून, काम चांगलं व्हावं म्हणून. कोबा नवा होता म्हणून छिन्नीने टाचे मारून तो खडबडीत केला नाही, एवढीच माझ्यावर मेहेरबानी.

ताटाला तूप लावतात ना मिस्त्री, साटं सुटावं म्हणून, तसं आहे हे. एवढं एक वाक्य होतं. त्याने विचारलं तेव्हा बोलायला दहा सेकंद लागले असते. त्याच्या घरी साटं घालतात, माझ्याही घरी घालतात.

मॅनेजर माझ्याकडे वळला. “मॅडम, यांना स्पष्ट सूचना दिली होती ना?”

सगळे माझ्याकडे बघत होते. मालकही आले होते. मी म्हटलं, “दिली होती.”

मिस्त्रीने माझ्याकडे एकदा पाहिलं. मी हेल्मेटचा पट्टा नीट करू लागले. मॅनेजर म्हणाला, “उद्यापासून नको हे साइटवर.” मिस्त्रीने आपली थापी, ओळंबा आणि पाणसळ पिशवीत घातली. जाताना म्हणाला, “येतो, मॅडम.” बारा वर्षांत पहिल्यांदा मॅडम. त्या क्षणी माझ्या मनात मिस्त्री नव्हता, चिपळूणचं दुकान होतं. हे लिहायलाही मला लाज वाटते, पण तसंच होतं.

अकरावी भिंत फोडायची ठरली. ब्रेकर मशिन आणलं, दोन माणसं लावली. मला वाटलं दोन दिवसांत होईल. आठ दिवस लागले. वरचं काँक्रीट फुटायचं, पण तळाशी आलं की ते कोब्याला असं धरून बसलेलं, की भिंतीबरोबर कोब्याचेही ढलपे निघायचे. मशिनवाल्याने पाचव्या दिवशी पातं बदललं आणि मला विचारलं, “मॅडम, कोण होता हा मिस्त्री? पत्ता देता का? मला घराचा स्लॅब टाकायचाय.” तो चेष्टा करत नव्हता. मी गाडीत जाऊन बसले. त्या आठ दिवसांत रोज ठरवायचे की आज मालकांना सांगते, आणि रोज काही ना काही निमित्त काढायचे. कधी मालक घाईत असायचे, कधी मॅनेजर शेजारी असायचा. निमित्त काढण्यात मी हुशार आहे.

आठव्या दिवशी टोळीतला एक गडी, मिस्त्रीच्याच वाडीतला, डबा खाताना म्हणाला की मिस्त्रीचं घराचं काम गेलं. वाडीत एक बाई नवीन घर बांधत होत्या. नवरा आणि दीर मुंबईला नोकरीत, बांधकामाचं सगळं या बाईंच्या अंगावर. पाया मिस्त्री घालणार म्हणून ठरलं होतं, चिरेही येऊन पडले होते. पण साइटवरून बातमी गेली की मिस्त्रीने शहरातली वीस टनांची भिंत बिघडवली, इंजिनिअर मॅडम समोर होत्या आणि त्यांनीच सांगितलं. बाईंनी दुसरा मिस्त्री बघायला घेतला. त्यांच्या मागोमाग आणखी एकाने गोठ्याचं काम काढून घेतलं. “वाडीत बोलतायत, मिस्त्रीचा हात गेला,” तो गडी म्हणाला आणि डबा बंद करून उठला.

भिंतींचं माझ्या ध्यानात होतं, वाडीचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मिस्त्रीला काढलंय, थोडे दिवस जातील, मी त्याला दुसऱ्या कामावर घेईन, असं मी मनाशी जुळवून ठेवलं होतं. पण मिस्त्रीला माझ्या कामाची गरज किती? वर्षाचे तीन-चार महिने. बाकीचं वर्ष तो वाडीवर जगतो आणि वाडी त्याच्या हातावर भरवसा ठेवून असते. तो भरवसा मी दोन शब्दांत घालवला होता.

त्याच दुपारी मी मालकांच्या दुकानात गेले आणि मॅनेजरच्या समोर सगळं सांगितलं. मिस्त्रीने विचारलं होतं, मी उत्तर दिलं नव्हतं, अकराव्या भिंतीच्या वेळी मी जागेवर नव्हते, चूक माझी आहे, नवी भिंत माझ्या फीमधून होईल. मॅनेजर म्हणाला, हे लेखी द्या. मी तिथेच कागद मागून लिहून दिलं. मालकांनी कागद वाचून मॅनेजरकडे सरकवला. मग म्हणाले, “मिस्त्रीला बोलवा परत. पण मॅडम, तुम्ही त्याच दिवशी बोलायला हवं होतं.” चिपळूणच्या दुकानाचा विषय त्यांनी पुन्हा माझ्यापाशी काढला नाही, मीही काढला नाही.

मिस्त्रीला फोन केला. त्याच्या मुलीने उचलला. तिला सगळं सांगितलं, तेव्हा मागून त्याचं बोलणं ऐकू आलं, “सांग, सायटीवर बोललाव ता बरा झाला. पन हय वाडीत कोन सांगनार?”

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाडीत गेले. रस्ता उतरून गाडी आंब्याच्या कलमांखाली लावली आणि चालत त्या बाईंच्या जागेवर पोचले. चिऱ्यांची थप्पी लावलेली होती, पायाची दोरी मारलेली. बाई, त्यांची सासू, शेजारचे दोघे आणि एका बाजूला मिस्त्री. मी येते हे त्याला कळलं असावं. तो माझ्याकडे बघत नव्हता.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. औषध कशासाठी होतं, मिस्त्रीने काय केलं, ते का केलं. त्याने मला विचारलं होतं आणि मी त्याला चार लोकांत झिडकारलं होतं, हेही सांगितलं. म्हटलं, “त्याचं काम बिघडलं नाही. ते इतकं घट्ट झालं की आठ दिवस मशिन लावून फोडावं लागलं. तुमच्या घराला असाच मिस्त्री पाहिजे.”

हे शेवटचं वाक्य मी गाडीत तयार करून आणलं होतं. मला वाटलं होतं, ते ऐकून सगळे हसतील आणि विषय संपेल. कुणी हसलं नाही.

बाईंनी पदर खोचला. “मंग त्या दिवशी का नाय बोललाव?”

“माझं नाव जाईल असं वाटलं,” मी म्हटलं. “पुढचं काम जाईल असं वाटलं.”

“म्हंजे तुमचा नाव ऱ्हावा म्हणून ह्याचा घालवलात.”

त्या रागाने बोलल्या नाहीत. बाजारात भाव विचारून खात्री करून घ्यावी, तशा बोलल्या. मला राग यायला वेळ लागत नाही, पण त्या दिवशी आला नाही. मी म्हटलं, “हो.”

सासूबाईंनी मिस्त्रीकडे बघून डोळे पुसले. मिस्त्री थप्पीवरचा एक चिरा उगाच सरळ करत होता. बाई त्याच्याकडे वळल्या. “सोमवारी पाया घालू या का? पोरांना घेऊन या.” तो म्हणाला, “येतो.” मग माझ्याकडे न वळताच म्हणाला, “नि तुमची ती अकरावी, मॅडम, पाया झाल्यावर बगतो.”

बाईंनी आतून पाण्याचा तांब्या आणि चार पेले आणवले. सासूबाईंना दिलं, शेजाऱ्यांना दिलं, मिस्त्रीला दिलं. मी आणखी थोडा वेळ तिथे उभी होते. मला कुणी बस म्हटलं नाही.